हंपी नीट पाहायची तर सुरुवात कोठून करावी?

मासुंदाकाठ (नौपाडा, ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत हंपीला जायचे आमच्या घरी ठरत आहे. यजमान, अकरावीत शिकणारा मुलगा, सासूबाई आणि मी असे चौघे असू. प्रवासाचे दिवस सोडून प्रत्यक्ष हंपीत तीन दिवस हाताशी राहतील. सहल कंपन्यांचे कार्यक्रम मागवून पाहिले, पण बहुतेकांनी दीड दिवसात पंधरा-वीस स्थळे कोंबलेली आहेत आणि शेवटी बदामी-ऐहोळेही जोडलेले आहे. अशा धावपळीत छायाचित्रांपलीकडे काही हाती लागेल असे मला वाटत नाही.

हरिहर आणि बुक्क या भावांनी १३३६ साली विजयनगरची स्थापना केली, कृष्णदेवरायाच्या काळात ते वैभवाच्या शिखरावर पोहोचले आणि १५६५ च्या लढाईनंतर ते ओस पडले, एवढे मुलाने वाचलेले आहे. दोनशेहून अधिक वर्षे नांदलेली ती राजधानी रोजच्या रोज चालत कशी असेल, माणसे कोठे राहत असतील, पाणी कोठून येत असेल, हे जागेवर उभे राहून समजावे, अशी त्याची आणि माझीही इच्छा आहे.

सासूबाईंची इच्छा वेगळी आहे. त्या माळकरी आहेत, आणि गुडघे साथ देत होते तोवर त्यांनी आषाढीची वारी कधी चुकवली नाही. संत भानुदासांनी पांडुरंगाची मूर्ती ज्या नगरातून पंढरपुरास परत आणली ते नगर आणि तिथले विठ्ठल मंदिर एकदा डोळ्यांनी पाहावे, हे त्यांच्या मनात फार वर्षांपासून आहे. त्यांना सपाटीवर हळूहळू चालता येते, परंतु उंच पायऱ्या झेपत नाहीत. त्या मंदिरातले गर्भगृह रिकामे आहे असे वाचले. त्यांना हे आधी सांगावे की तिथे गेल्यावर त्यांचे त्यांना कळू द्यावे, याचा निर्णय मला करता येत नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की, सुरुवात कोठून करावी, काय निःशंक वगळावे, आणि सासूबाईंना काय काय दाखवता येईल?


मोरबेकर (नेरूळ, नवी मुंबई) यांचे उत्तर

ताई, तुमचा मुलगा पाणी कोठून येत होते असे विचारतो आहे, हे वाचून फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली आणि हंपीला मी त्याच ओढीने जात आलो. माझे मत स्पष्ट आहे. मंदिरांपासून सुरुवात करू नये, पाण्यापासून करावी, म्हणजे नगर आपोआप उलगडत जाते.

पहिल्या दिवशी सकाळी कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावे. तेथे मांडलेली हंपीची प्रतिकृती शांतपणे पाहावी आणि मुलाला तिच्याभोवती फिरू द्यावे. (संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेवढे दिवस ठरवताना लक्षात ठेवावे.) तुंगभद्रेच्या काठाने मंदिरांचा पट्टा आहे, दक्षिणेकडे तटबंदीच्या आत राजवाड्यांचा आणि वस्तीचा भाग आहे, आणि या दोहोंच्या मधून कालव्याच्या पाण्यावर भिजणारी शेतीची दरी गेलेली आहे, ही रचना त्या प्रतिकृतीवर एका दृष्टिक्षेपात समजते. एरवी रिक्षातून फिरणाऱ्या माणसाला वाटते की मोठमोठ्या शिळांच्या माळरानावर इकडे तिकडे देवळे विखुरली आहेत. प्रत्यक्षात देऊळ, बाजार, वेस, कालवा आणि तलाव यांची जागा एकमेकांच्या संदर्भाने ठरलेली आहे.

तेथून राजवाड्याच्या आवारात जावे आणि थेट पायऱ्यांच्या पुष्करणीपाशी थांबावे. मातीखाली गाडली गेलेली ही पुष्करणी पुरातत्त्व खात्याने १९८० च्या दशकात उत्खननातून बाहेर काढली. भोवतालचे सगळे बांधकाम करड्या-तांबूस ग्रॅनाइटचे असताना ही एकटी काळसर, गुळगुळीत दगडात बांधलेली आहे, आणि खालपर्यंत उतरत जाणारे तिचे टप्पे इतके रेखीव आहेत की काल घडवून आज बसवल्यासारखे दिसतात. मुलाला काठावरून दगडांकडे निरखून पाहायला सांगावे. अनेक दगडांवर कारागिरांनी कोरलेल्या खुणा आणि अक्षरे आहेत. कोणता दगड कोणत्या बाजूला, कोणत्या थरात बसवायचा याची ती नोंद आहे. म्हणजे दगड दुसरीकडे घडवून, खुणा करून आणले आणि येथे जुळवले. नगररचनेची शिस्त मला कोणत्याही गोपुरापेक्षा त्या लहानशा अक्षरांत अधिक दिसते.

पुष्करणीत पाणी आणणारा दगडी पाट तेथेच खांबांवर उभा आहे. त्या पाटाच्या कडेने चालत गेले की आवारातील इतर हौदांकडे जाणाऱ्या फाट्यांचा अंदाज येतो. या भागाला पाणी पुरवणारा कमलापूरचा तलाव आजही भरतो. विजयनगरकालीन कालव्यांपैकी काहींवर आजही शेती होते. मंदिरांच्या पट्ट्याकडून राजवाड्याकडे येताना रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा आणि भाताची खाचरे लागतात, त्यांना मिळणारे पाणी त्याच जुन्या व्यवस्थेतून येते. ओसाड झालेल्या राजधानीचा एवढा एक भाग चालू राहिला, आणि माझ्या मते हंपीत पाहण्यासारखी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पुष्करणीला लागूनच महानवमीचा चौथरा आहे. नवरात्रात राजा येथे बसून सोहळा पाहत असे. डोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी सुमारे १५२० साली विजयनगरात आला होता आणि त्याने या नवरात्राचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. चौथऱ्याच्या बाजूंवर हत्ती, घोडे, मल्ल, नर्तकी आणि शिकारीचे प्रसंग यांचे पट्टे कोरलेले आहेत. घोडे आणणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. युद्धासाठी लागणारे चांगले घोडे अरबस्तान आणि होर्मुझकडून समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरत, आणि या राजधानीचे सामर्थ्य बऱ्याच अंशी त्या व्यापारावर अवलंबून होते.

एवढे पाहिले की पहिला दिवस पुरा होतो. त्या दिवशी आणखी काही जोडू नये, असा माझा आग्रह आहे.


श्रीस्थानक (कळवा) यांचे उत्तर

मोरबेकरांच्या म्हणण्याचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. पुष्करणी आणि पाट यांचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु पहिल्याच सकाळी उघड्या जोत्यांच्या मैदानात उभे केले तर नवख्या माणसाचा हिरमोड होतो. राजवाड्यांचे वरचे बांधकाम बरेचसे लाकडी होते आणि ते आगीत गेले. त्यामुळे तेथे आज दगडी जोती तेवढी उरली आहेत, आणि ती वाचायला नजर तयार असावी लागते. म्हणून आदल्या दिवशी दुपारनंतर पोहोचलात तर सूर्यास्तापूर्वी हेमकूट टेकडीवर जावे. चढ सौम्य आहे आणि खडकाच्या सलग उतारावरून सावकाश जाता येते. तेथे विजयनगरच्या आधीची लहान देवळेही आहेत. खाली विरूपाक्षाचे गोपुर, समोरचा लांबच लांब बाजार आणि पलीकडे मातंग टेकडी असे सगळे एका नजरेत येते. नगराची ही ओळख झाली की दुसऱ्या दिवशी जोती बोलू लागतात.

आणखी एक सुचवतो. हंपीला जाण्याआधी एका रविवारी सगळ्यांनी अंबरनाथला जाऊन यावे. आपले ठाणे हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राजधानीचे नगर होते आणि अंबरनाथचे शिवमंदिर त्याच राजवटीतले, शके ९८२ म्हणजे १०६० सालचे आहे. आपल्या पायाखालच्या राजधानीचे जवळजवळ काहीच दिसत नाही आणि आपण दूरच्या राजधानीचे अवशेष पाहायला जातो, याची मला खंत वाटते. असो. अंबरनाथला काळ्या बेसाल्टमधले भूमिज शैलीचे (शिखरावर लहान शिखरांच्या उभ्या रांगा असलेले) मंदिर, पायऱ्या उतरून खाली असलेले गर्भगृह आणि बाह्यभिंतींवरची दाट शिल्पे नीट पाहून ठेवली, म्हणजे हंपीचे ग्रॅनाइट, उंच गोपुरे, प्रशस्त आवारे आणि मंडपांचे खांब यांतला फरक मुलाला स्वतःहून जाणवेल.

तुमचा मुलगा १५६५ च्या लढाईविषयी विचारील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २३ जानेवारी १५६५ रोजी विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर या सुलतानांच्या एकत्रित फौजांनी विजयनगरचा पराभव केला. राज्याचा कारभार प्रत्यक्षात हाती असलेला रामराय रणांगणावर पकडला गेला आणि मारला गेला. त्याचा भाऊ तिरुमल नामधारी राजा सदाशिवराय याला आणि खजिन्याला घेऊन पेनुकोंड्याकडे निघून गेला. संरक्षण उरले नाही आणि नगर लुटले गेले, जाळले गेले. सेझारे फेडेरिची हा व्हेनिसचा व्यापारी १५६७ साली तेथे आला तेव्हा घरे उभी होती, परंतु आत माणसे नव्हती आणि वन्य पशूंचा वावर होता, असे त्याने लिहिले आहे. मूर्तींची मोडतोड पाहून कोणाचेही मन दुखावते आणि ते स्वाभाविक आहे. मात्र मुलाला ही हकीकत एका ओळीत सांगू नये. याच रामरायाने त्याआधी कितीतरी वर्षे एका सुलतानाला हाताशी धरून दुसऱ्यावर स्वाऱ्या केल्या होत्या, आणि त्याच्याविरुद्ध एरवी आपसात भांडणारे सगळे एक झाले त्याचे मोठे कारण हेच होते. दुसऱ्या देवरायाच्या सैन्यात मुसलमान धनुर्धारी आणि घोडेस्वार होते, आणि त्याच्या पदरी असलेल्या अहमदखानाने १४३९ साली नगरात बांधलेली धर्मशाळा आजही उभी आहे. कमलमहालाच्या कमानी आणि गजशाळेचे अकरा दालनांवरचे घुमट पाहताना या सगळ्याची आठवण ठेवली, तर ही राजधानी किती मोठी आणि किती मिश्र होती हे ध्यानात येते.

लक्ष्मी-नृसिंहाची मूर्ती मात्र वगळू नका. कृष्णदेवरायाच्या काळात १५२८ साली एकाच शिळेतून घडवलेली ही मूर्ती सुमारे ६.७ मीटर उंच आहे. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, पण मूर्तीच्या मागच्या बाजूस गेल्यास नृसिंहाच्या कमरेला विळखा घातलेला तिचा हात अजून दिसतो. बहुतेक लोक समोरून छायाचित्र काढून परततात.


कोपरीची खाडी (ठाणे पूर्व) यांचे उत्तर

मी फक्त व्यवहाराचे लिहिते. आम्ही माझ्या आईला घेऊन गेलो होतो, त्यामुळे गुडघ्यांचा विचार करून हिंडणे कसे असते हे मला ठाऊक आहे.

रेल्वेने जायचे असेल तर मुंबईहून सोलापूर, विजयपूर, बागलकोट, गदगमार्गे होसपेटला जाणारी एक्स्प्रेस सोयीची आहे, ती कल्याणला मिळते. नाताळचे आरक्षण फार आधी करावे लागते. रस्त्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ असे गेल्यास अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक होते. ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असताना ते एका दमात कापू नये, वाटेत मुक्काम करावा. होसपेटपासून हंपी साधारण तेरा किलोमीटर आहे. मुक्काम होसपेट किंवा कमलापूरला ठेवलात तर गाडी दारापर्यंत येते आणि उद्वाहन असलेली हॉटेले मिळतात.

तीनही दिवस एकच रिक्षा किंवा मोटार ठरवावी. सकाळी लवकर निघावे, अकराच्या सुमारास परत यावे आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडावे. डिसेंबरात हवा चांगली असते, तरी दुपारी ग्रॅनाइट तापतो आणि बऱ्याच ठिकाणी सावली नाही. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि सासूबाईंसाठी घडीचे हलके आसन बरोबर असू द्या. त्या आसनाचा आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला. देवळांचे उंबरठे उंच आहेत आणि फरशी कोठेकोठे घासून गुळगुळीत झाली आहे, म्हणून अनवाणी चालताना हात धरावा.

विठ्ठल मंदिराकडे मोटारी जाऊ देत नाहीत. वाहनतळापासून बॅटरीवर चालणारी वाहने आहेत आणि ती मंदिराजवळ सोडतात. सुट्टीत त्यांची रांग मोठी असते, त्यामुळे सकाळी उघडण्याच्या वेळेसच तेथे असावे. तिकीट जपून ठेवावे, त्याच दिवशी कमलमहालाच्या आवारात तेच चालते.

वगळण्याचे म्हणाल तर मातंग टेकडी आणि नदीपलीकडे आनेगुंदी गावाकडचा अंजनाद्री या दोन्ही चढणी सासूबाईंसाठी नाहीत. अंजनाद्रीला सुमारे पावणेसहाशे पायऱ्या आहेत. मुलगा आणि त्याचे वडील पहाटे मातंगावर जाऊन येऊ शकतील, पण वाटाड्या घेऊन आणि अंधारात एकटे न जाता. बदामी, ऐहोळे, पट्टदकल या वेळी मुळीच घेऊ नका, तो स्वतंत्र प्रवासाचा विषय आहे.


मासुंदाकाठ (नौपाडा, ठाणे) यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. पोहोचू त्या संध्याकाळी हेमकूट, दुसऱ्या दिवशी संग्रहालय व राजवाड्याचे आवार, आणि त्यानंतरची सकाळ विठ्ठल मंदिरासाठी, असे ठरवले आहे. अंबरनाथची सूचना यजमानांना फार आवडली. सासूबाई चौकशी करतात की विठ्ठल मंदिरात पूजा होते का आणि तेथे बसून अभंग म्हणता येईल का? गर्भगृहाविषयी मी अजून काही बोललेले नाही.


माळकरी (घणसोली, नवी मुंबई) यांचे उत्तर

माउली, सासूबाईंना आधीच सांगावे. गर्भगृहात मूर्ती नाही आणि तेथे नित्यपूजाही होत नाही. ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील संरक्षित स्मारक आहे. ऐनवेळी उंबरठ्यापाशी कळले तर मनाला धक्का बसेल, आणि घरी निवांतपणे सांगितले तर त्या त्याच भावाने तेथे जातील. ज्यांनी आयुष्यभर वारी केली त्यांना ही गोष्ट पेलणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. विठोबा तेथे नाही, कारण तो पंढरपुरास आहे, आणि तो परत यावा म्हणूनच तर भानुदासांनी एवढी यातायात केली, अशी आपली परंपरा सांगते. एकनाथ महाराजांचे पणजोबा ते. राजाने देव आपल्या राजधानीत नेला, भानुदास तेथे गेले, त्यांच्यावर चोरीचा आळ आला, सुळावर देण्याची आज्ञा झाली आणि सुळाला पालवी फुटली, ही कथा संतचरित्रांतून आपण ऐकत आलो आहोत. इतिहासकार तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात आणि त्यांच्या अभ्यासाचा मान ठेवावा. तरीही त्या मंदिरात उभ्या राहिलेल्या वारकऱ्याच्या मनात ही कथा असणारच, आणि ती असावी.

मंदिरात गेल्यावर सगळे लोक प्रथम दगडी रथाकडे धावतात. तुम्हीही तो पाहा, कारण तो नुसता शोभेचा रथ नसून विठ्ठलासमोरचे गरुडाचे मंदिर आहे. पन्नास रुपयांच्या नोटेवर तोच छापलेला आहे. पुढे जे हत्ती दिसतात ते मूळचे नव्हेत. हत्तींच्या मागे जवळ जाऊन पाहिले तर आधी तेथे असलेल्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या ओळखू येतात. रथावर पूर्वी विटांचे शिखर होते, अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली काढलेल्या छायाचित्रात ते दिसते. आज ते नाही. महामंडपातले ठोकल्यावर सूर देणारे खांब वाजवून पाहण्यास मनाई आहे आणि मुलाने कोणाच्याही सांगण्यावरून त्यांना हात लावू नये. शेकडो वर्षे लोकांनी ठोकून ठोकून ते झिजवले आहेत.

सासूबाईंना मंडपाच्या पायऱ्या अवघड वाटल्या तर बाजूच्या मंडपाच्या सावलीत तुम्ही आणलेल्या आसनावर बसवावे. तेथून मुख्य मंदिर समोर दिसते. मनात नामस्मरण करण्यास किंवा हळू आवाजात एखादा अभंग म्हणण्यास कोणी आडकाठी करील असे मला वाटत नाही. टाळ-मृदंगासह समूहाने भजन करायचे असेल तर खात्याची पूर्वपरवानगी लागते, तेव्हा तो विचार नको. मंदिराच्या पुढे जुना रथमार्ग आणि बाजाराच्या ओवऱ्या दूरवर पसरलेल्या आहेत. बॅटरीचे वाहन त्याच वाटेने येते, म्हणून परतताना डाव्या-उजव्या बाजूंच्या खांबांकडे त्यांचे लक्ष वेधावे. देवाच्या दारापर्यंत केवढी पेठ भरत असेल हे त्यांना पंढरपुराच्या अनुभवामुळे तुमच्याआमच्यापेक्षा लवकर समजेल.

पूजा चालू असलेल्या देवळांत बसण्याची त्यांची इच्छा असेल, तर दोन ठिकाणे आहेत. पहिले विरूपाक्ष. राजधानी ओस पडली तरी येथील पूजा टिकली, आणि आजही रोज गर्दी असते. १५१० साली कृष्णदेवरायाने बांधलेल्या रंगमंडपाच्या छतावर चित्रे आहेत, त्यांत पालखीतून निघालेले विद्यारण्यस्वामी (परंपरेने हरिहर-बुक्कांचे गुरू) आणि मत्स्यवेध करणारा अर्जुन सहज ओळखता येतात. मागच्या बाजूच्या एका दालनात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती मुलाला जरूर दाखवा आणि झरोक्यातून प्रकाश कसा येतो हे त्यालाच शोधू द्या. दुसरे ठिकाण माल्यवंत रघुनाथ मंदिर. सीतेच्या शोधात असताना श्रीरामांनी पावसाळा येथे काढला अशी श्रद्धा आहे. टेकडीवर असूनही मोटार वरपर्यंत जाते, आवारात गर्दी कमी असते आणि तेथे रामायणाचे पठण अखंड चालू असते. दुपारचे जेवण आटोपून चारच्या सुमारास सासूबाईंना तेथे न्यावे आणि उरलेली संध्याकाळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी. मुलाला पुन्हा पुष्करणी पाहायची असेल तर तो वडिलांबरोबर तेवढ्या वेळात जाऊन येईल, कमलापूर तेथून जवळ आहे.